अंगणात फरशी घालण्याआधी

गेल्या रविवारी वस्तीतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. गावी घर बांधून झाले आहे, पुढे बारा बाय पंधराची जागा उरली आहे. "साहेब, तिथे कोणती फरशी घालू?" असे त्यांनी विचारले. आम्ही उलट विचारले, "त्या जागेत तुमच्या घरची माणसे दिवसभर काय करतात?" गृहस्थ गप्प झाले.

बहुतेक घरांत हेच होते. गवंडी सांगतो, पुरुष मंडळी मान डोलावतात आणि जिचा अर्धा दिवस अंगणात जातो त्या बाईला कोणी विचारत नाही. धुणे कुठे, वाळवण कुठे, पाण्याची टाकी कुठे, हे तिला ठाऊक असते. म्हणून आमची सूचना अशी की, आधी मापे घ्या आणि जमिनीवर फक्कीने रेघा मारा. खाटेला सहा बाय तीन, मोटारसायकलला सात बाय तीन फूट जागा लागते. टाकी, धुण्याचा दगड, पोरांचे अभ्यासाला बसणे, सगळे आखा आणि आठ दिवस तसेच वापरून बघा. थोड्याशा फक्कीने जी चूक दिसते, ती सिमेंट ओतल्यावर फोडावी लागते.

हा धडा आम्ही स्वतः पैसे मोजून घेतला आहे. फंडातून कर्ज काढून आम्ही अंगणात गुळगुळीत, चकचकीत टाइल्स बसवल्या. येणारे-जाणारे वाखाणत होते. पहिल्याच पावसात आमची आई घसरली आणि मनगट मोडले. टाइल्स उखडल्या, खर्च दोनदा झाला, आणि आईचा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. चूक गवंड्याची नव्हे, आमच्या हौसेची होती.

तेव्हा उघड्या जागेत पॉलिश न केलेली शहाबादी घाला. तिच्यावर पाय धरतो. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने धुऊ नका. ॲसिड त्याला खाते. ऐपत नसेल तर नुसते काँक्रीट करून ओले असतानाच वरून खराट्याने रेघा ओढल्या तरी चालते. सगळीच जागा बंद करू नका. कडेला हात-दीड हात माती राहू द्या, पाणी मुरते.

उताराकडे मात्र गवंड्याच्या पाठीशी उभे राहून लक्ष द्या. पंधरा फुटांना दोन इंच उतार पुरे. तो घराकडून बाहेर असावा आणि अंगण घराच्या जोत्यापेक्षा खाली असावे. पाणी शेजाऱ्याच्या दारात जाता कामा नये. अशा पाण्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको.

वास्तूवाल्यांच्या दिशा सोडा. दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते, आपल्याकडे पावसाची झड बहुधा नैर्ऋत्येकडून येते. एवढ्या दिशा बसायची जागा ठरवायला बास आहेत. पश्चिमेला मांडव घालून दोडक्याचा वेल चढवला तर सावलीही होते आणि भाजीही.

झाडाबद्दल एक नाजूक गोष्ट. आपली मंडळी श्रद्धेने दारात पिंपळ लावतात. भावना आम्ही जाणतो. पण पिंपळाची मुळे भेगेत शिरली की भिंत फाडतात. बोधिवृक्ष विहाराच्या मोकळ्या आवारात लावावा, तिथे त्याला वाढायला जागा मिळते. दारात कढीपत्ता, पपई लावा.

काँक्रीट घातल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे, हेही त्या गृहस्थांना सांगितले. परवा ते पुन्हा भेटले. फरशी अजून घेतलेली नाही. घरच्या बाईने टाकीची जागा बदलायला लावली आहे म्हणाले.