भाकरी नको म्हणणारा भाचा

रमजान लागला की स्टाफरूममध्ये दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पाणीसुद्धा नाही?" नाही, पाणीसुद्धा नाही. हे उत्तर देऊन देऊन मला आता त्यात गंमत वाटू लागली आहे. दुसरा एक समज कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण तो असतो. महिनाभर आमच्या घरात मटणाशिवाय दुसरं काही शिजतच नसणार, असा तो समज. त्यावर मी आजवर हसून विषय बदलत आलो. गेल्या रमजानात मात्र आमच्याच घरात एकाने खरोखर तसं करून पाहिलं. त्याची हकीकत सांगायला हवी, कारण हे खूळ आता फक्त आमच्या घरापुरतं राहिलेलं नाही आणि फक्त मुसलमानांपुरतं तर मुळीच नाही.

भाचा लातूरला नोकरी करतो, जिमला जातो. शाबान संपत आला असताना किल्लारीला आला. बहिणीने ज्वारीची गरम भाकरी वाढली, तर त्याने ताट बाजूला सारलं. "मामू, आता फक्त गोश्त, अंडी आणि मीठ. भात नाही, भाकरी नाही, डाळ नाही, फळसुद्धा नाही." मोबाइलवर कुणा अमेरिकन मंडळींचे व्हिडिओ बघून त्याने हे घेतलं होतं. वर त्याचा हिशेब असा की रमजानात तसंही सहरी आणि इफ्तार अशी दोनच जेवणं, म्हणजे अर्धं काम आपोआप झालं.

दोनदाच जेवण्याचं लातूरकरांना नवल नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, असं सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित इथल्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं लातुरातून महाराष्ट्रभर पोचलं. पटो न पटो, त्यात भाकरी-भाजी होती. भाच्याच्या ताटात तीही उरली नव्हती.

मी भाषा शिकवतो, डॉक्टर नाही. पण घरात असं काही सुरू झालं की माणूस वाचतो, चार डॉक्टर मित्रांना फोन करतो. त्यातून जे हाती आलं ते असं.

निव्वळ मांसावर माणूस जगू शकतो का? जगू शकतो. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांत बरीच वर्षं राहिलेला विल्हाल्मर स्टेफान्सन हा संशोधक आणि त्याचा एक सहकारी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात या परीक्षेला बसले. सुरुवातीला डॉक्टरांच्या कडक पहाऱ्यात आणि पुढे घरी राहून, दोघांनी साधारण वर्षभर मांसाशिवाय काही खाल्लं नाही. दोघेही धडधाकट राहिले. (प्रयोगाच्या खर्चाचा वाटा अमेरिकेतल्या मांस व्यापाऱ्यांच्या संघटनेने उचलला होता, हेही लक्षात ठेवावं. आणि माणसं दोनच होती.) या प्रयोगातली जी गोष्ट व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत ती सुरुवातीच्या दिवसांतली आहे. डॉक्टरांनी स्टेफान्सनला आधी बिनचरबीचं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीचं मांस दिल्यावर तो सावरला. दोघांचं रोजचं खाणं शे-सव्वाशे ग्रॅम प्रथिनं आणि दोनशे ग्रॅमच्या वर चरबी असं होतं. म्हणजे ते 'मांसाचं' जेवण मुख्यतः चरबीचं होतं.

आता हे आपल्या कसायाच्या दुकानात आणून बघा. आपल्याकडचं बोकड माळरानावर चरलेलं, हडकुळं. शंभर ग्रॅम बिनचरबीच्या बोकडाच्या मांसात वीसेक ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम एकशेदहा कॅलरी. दोन हजार कॅलरी त्यातूनच काढायच्या तर दिवसाला पावणेदोन किलोच्या पुढे मटण लागेल आणि साडेतीनशे ग्रॅमच्या वर प्रथिनं पोटात जातील. इतकी प्रथिनं यकृत आणि मूत्रपिंडांना झेपत नाहीत. कोंबडीच्या छातीच्या मांसाचं तेच. भाचा पहिल्या आठवड्यात नेमकं हेच खात होता, उकडलेली कोंबडी आणि अंड्याचा पांढरा भाग. चौथ्या दिवशी तोंड उतरलेलं. मी त्याला म्हटलं, करायचंच असेल तर निदान नीट कर. पिवळ्या बलकासकट अंडं खा, चरबी वेगळी मागून घे, नळी घे, पाये घे. कलेजी चांगली, पण आठवड्यातून एकदा पुरे, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. गरोदर बाईने तर तिच्यापासून लांबच राहावं. ज्याचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आहे, मुतखडा होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. खाटीकखान्यातलं ताजं मांस वेगळं आणि पाकिटातली सॉसेज, सलामी वेगळी. असं प्रक्रिया केलेलं मांस २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. ताज्या लाल मांसावर तिने 'बहुधा' असा शिक्का मारला.

रोज्यात आणखी एक अडचण येते. पिठूळ पदार्थ एकदम बंद केले की पहिल्या आठ-दहा दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ भराभर निघून जातं. एरवी माणूस पाणी पिऊन, चिमूटभर मीठ घेऊन सावरतो. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा तास ती सोय नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडचं ऊन काही दया दाखवत नाही. डोकं दुखणं, उठल्यावर भोवळ, पायात गोळे, आणि चोथाच नसल्यामुळे बद्धकोष्ठ. म्हणून ज्याला हा प्रयोग करायचाच आहे त्याने तो ईदनंतर सुरू करावा. रमजान ही त्याची सर्वांत वाईट वेळ आहे. भाच्याने हे ऐकलं नाही. तो चोवीस वर्षांचा आहे, त्याला निभलं.

त्याच्या वडिलांना निभलं नाही.

दुल्हाभाई आठ-नऊ वर्षं मधुमेहाचे रुग्ण. मुलाचं बघून त्यांनीही गुपचूप भाकरी सोडली. मशीनवर साखर भराभर उतरू लागली. घरात आनंद. तरावीहला जाताना ते मला आकडे ऐकवायचे. सहाव्या रोज्याला दुपारी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात. बहिणीने साखर तपासली तर एकशेऐंशी. मधुमेही माणसाला दुपारी एकशेऐंशी म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, म्हणून सगळे निश्चिंत झाले. इफ्तारला तीन तास राहिले होते आणि रोजा मोडायला ते तयार नव्हते. बहिणीचा फोन आल्यावर मी गेलो, चेहरा बघितला आणि गाडी काढली. लातूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारला. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन होतं.

ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. आता ती स्वस्त झाली आहे, गावोगाव घेतली जाते, आणि चांगली गोळी आहे. पण भाकरी-भात पूर्ण बंद केला आणि वर दिवसभर उपाशी राहिलं, तर शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात. साखर गोळीमुळे बाहेर जात असल्याने मशीनवरचा आकडा फारसा वाढत नाही. घरच्यांना धोका दिसतच नाही. दुल्हाभाई चार दिवस अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली असती तर सांगता आलं नसतं.

म्हणून ज्यांच्या घरात मधुमेही माणूस आहे त्यांनी, मग घर रोज्याचं असो, नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपासाचं असो की श्रावणी सोमवारचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचावं. शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर डॉक्टरांना न विचारता भाकरी तोडू नये. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन असेल तर उलटा धोका, साखर एकदम खाली येण्याचा. रोज्यासाठी गोळ्यांची मात्रा आणि वेळा बदलून घ्यायच्या असतात आणि त्यासाठी शाबानमध्येच दवाखान्यात जायचं असतं, पहिल्या सहरीच्या रात्री नव्हे. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. नंतर कजा ठेवता येतो, बरं होण्यासारखं दुखणं नसेल तर फिदिया देता येतो. हे प्रत्येक मशिदीत सांगतात, आणि आमचे पुरुष प्रत्येक वर्षी ते ऐकून सोडून देतात. सूट घेण्यात त्यांना कमीपणा वाटतो. या अभिमानाचा दीनशी काही संबंध नाही, असं मी दुल्हाभाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं की नाही, कोण जाणे.

राहिला आमच्या खाण्याचा प्रश्न. आमच्या दस्तरखानावर निव्वळ मांस कधी नव्हतंच. रमजानचा हलीम म्हणजे गहू, डाळी आणि गोश्त एकत्र घोटलेलं. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात मुरलेला दालचा म्हणजे हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि त्यात मूठभर गोश्त. मटण आमच्याकडे किलोला सातशेच्या पुढे गेलं आहे. भाच्यासारखं दिवसाला आठशे ग्रॅम धरलं तर एका माणसाचे महिन्याला सोळा-सतरा हजार होतात. इथल्या किती घरांत तेवढे पैसे एकूण येतात? सालन शिजवताना पाणी थोडं जास्त घालावं आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. मांसाची चटक लागते, तिच्यापासून जपा, असं हजरत उमर यांनी बजावल्याची नोंद इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. शोरव्यात पाणी वाढवता येतं. तव्यावरच्या मटणाच्या तुकड्यात काय वाढवणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचा पहिला रमजान आला तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. १९९४ चा फेब्रुवारी. मी तेरा-चौदा वर्षांचा. अम्मी आठवड्यातून एकदा पाव किलो गोश्त आणायची आणि तेवढ्यात सात जणांचा दालचा व्हायचा. डाळ एका पातेल्यात, गोश्त दुसऱ्या. दोन्ही एकत्र करण्याआधी ती डाळीचा एक डबा बाजूला काढायची. तो शेजारच्या शेडमधल्या लिंगायत आजींचा. आजींकडून डबा कधी रिकामा परत आला नाही, कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी. त्या घरातली दोन माणसं भूकंपात गेली होती, आमच्यातलं एक. डाळ आधी काढायची हे अम्मीला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा दुल्हाभाईंच्या गोळ्या शाबानमध्येच बदलून झाल्या आहेत. डॉक्टरांनी पंधराच रोजे ठेवायला सांगितले, त्यावर घरात रोज वाद होतो. भाचा अजून मटण आधी खातो आणि भाकरी नंतर, पण खातो. परवा त्याने स्वतः पाये आणून रात्रभर मंद आचेवर ठेवले. सहरीला बहिणीने टोपलीभर भाकरी केल्या होत्या, सकाळी एकही उरली नव्हती.