चूल मोडू नये

गेल्या पंधरवड्यात खामगावकडच्या एका खेड्यातून एक आजी रक्तदाब तपासून घेण्यासाठी आल्या. मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, सून पोटासाठी परगावी कामाला आणि दोन नातवंडे आजींच्या पदरात. रक्तदाब बराच वाढलेला होता. खोदून विचारले तेव्हा कळले, की आजी रोजची गोळी अर्धी करून घेत होत्या. वाचलेल्या पैशांत नातवंडांच्या वह्या येत. ‘पोरांना आश्रमात ठेवा, तुमचाही जीव सुटेल,’ असे गावातले लोक सुचवत होते. आजींचे उत्तर एकच होते, ‘पोटाले भेटन तिथं, पण रातच्याले पाठीवर हात कोन फिरवन?’

हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. संकटात सापडलेल्या मुलांना मदत नेमकी कशी करावी, याचा विचार जगातील मोठ्या सेवाभावी संस्थाही अनेक दशके करीत आल्या आहेत. त्याचे एक जुने उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. त्यांतील जे वाचले, त्यांपैकी काही इराणमार्गे भारतात पोहोचले. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४८ पर्यंत तेथे राहिली. खर्चाचा मुख्य भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला होता. वसाहतीत शाळा, रुग्णालय आणि चर्च होते. अनाथ मुलांची स्वतंत्र सोयही होती. परंतु ज्यांना आई होती, त्यांना आईपासून तोडले नाही. कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःचा स्वयंपाक होता. आजारातून उठलेल्यांना पाचगणीच्या हवेत विश्रांती मिळे. त्या मुलांपैकी काही जण २०१९ मध्ये वृद्धापकाळी पुन्हा कोल्हापुरात आले, ते या भूमीचे ऋण आठवूनच.

त्याच १९४३ साली अमेरिकेतील कॅथलिक धर्माध्यक्षांनी युद्धपीडितांसाठी एक संस्था स्थापन केली. पोलिश निर्वासितांची सोय लावणे हे तिच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होते. हीच संस्था पुढे ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४६ पासून तिचे काम भारतातही सुरू आहे. भारतीय धर्माध्यक्षांची ‘कॅरिटास इंडिया’ ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. गरजवंताचा धर्म न पाहता मदत करावी, हे या दोन्ही संस्थांचे घोषित धोरण आहे.

अनाथाश्रम चालविणे ही ख्रिस्ती सेवेची फार जुनी परंपरा. त्या आश्रमांनी असंख्य मुले जगवली, हे विसरता येणार नाही. परंतु अनुभवांती एक गोष्ट ध्यानात आली. जगभरच्या अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कोणी तरी एक हयात असते. मूल तेथे येते ते मायेअभावी नव्हे, तर दारिद्र्यामुळे. म्हणून याच कॅथलिक संस्थेने २०१८ मध्ये इतर सहकाऱ्यांसह ‘चेंजिंग द वे वुई केअर’ हा उपक्रम हाती घेतला. मुलांना संस्थेत आणण्याऐवजी कुटुंबालाच आधार द्यावा आणि संस्थेतील मुलांना शक्य तेथे घरी परतवावे, हा त्याचा गाभा आहे. भारतातही हे काम चालते. खामगावकडच्या आजींना जे उमजले होते, तेच जगाला थोडे उशिरा उमजले, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र घर टिकवायचे तर घर सांभाळणारा टिकला पाहिजे. नातवंडे वाढविणाऱ्या आजी-आजोबांनी पुढील गोष्टी जरूर लक्षात ठेवाव्यात.

एक, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी मनाने अर्धी करू नये, बंदही करू नये. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळतात.

दोन, अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे. तीत मुलाच्या संगोपनासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. मंजुरी बालकल्याण समिती देते.

तीन, मुलांसंबंधी अडचण असल्यास १०९८ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक हाताशी असावेत.

चार, दिवसातून एक तास आपल्या विसाव्याचा ठेवावा. तेवढा वेळ नातवंडांकडे पाहण्यास शेजारणीला सांगण्यात कमीपणा नाही.

मदत घेणे म्हणजे हात पसरणे, ही समजूत आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात खोल रुजलेली असते. वळिवड्याच्या त्या मातांनीही मदत घेतलीच होती. तिच्या बळावर त्यांनी आपली मुले वाढविली. शेजारपाजाऱ्यांनाही एक विनंती. ‘आश्रमात ठेवा’ असा सल्ला देण्यापूर्वी एक दिवस काढून त्या आजींसोबत कार्यालयात जा. दाखले गोळा करणे आणि अर्ज भरणे, हेच एकट्या वृद्धेला सर्वांत जड जाते.

आमच्या त्या आजींचा अर्ज गावातल्या एका तरुणाने भरून दिला. निर्णय अद्याप यायचा आहे. गोळी मात्र आता त्या पूर्ण घेतात.