कॅमेरा दिसला की ब्रेक, पुढे पुन्हा सुसाट!

वेग मोजणारा कॅमेरा ज्याच्यामुळे जगभर पोहोचला, तो माणूस स्वतः पट्टीचा रेसर होता. नेदरलँड्सच्या मॉरिस गॅट्सोनिडिसने १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणावर आपला वेग नेमका किती असतो ते कळावं आणि गाडी आणखी जोरात काढता यावी, म्हणून त्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं. पुढे त्याच यंत्राच्या वंशजांनी लाखो ड्रायव्हर्सना दंडाच्या पावत्या पाठवल्या. आज असे कॅमेरे आपल्या वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरही आहेत. प्रश्न एवढाच की त्यांनी आपला वेग खरंच कमी होतो का?

आधी मुद्दा किती गंभीर आहे ते बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातले, म्हणजे आपण आणि आपले दादा-ताई. ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिलंय ‘ओव्हरस्पीडिंग’. हा रकाना भरणं सोपं असतं आणि खड्डा, अंधार, चुकीचं वळण त्यात लपून जातं, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य केला, तरी वेगाचं गणित बदलत नाही.

गाडी ६० ऐवजी ८० ने गेली तर वेग एक तृतीयांशच वाढतो, पण धडकेची ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. ताशी ७२ च्या वेगात एका सेकंदात गाडी २० मीटर जाते. समोर कुणी आलं, हे मेंदूला कळेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. ब्रेक त्यानंतर लागतो!

आणि वाचतं काय? घाटकोपर ते मुलुंड साधारण १० किलोमीटर धरू. रस्ता पूर्ण रिकामा असेल, तर ८० ने साडेसात मिनिटं लागतात आणि १०० ने सहा. म्हणजे सगळा जुगार दीड मिनिटासाठी. तेवढ्या वेळात कँटीनमधला चहासुद्धा येत नाही.

‘पण ट्रॅफिकमध्ये ८० जातंय कोण?’ बरोबर. सकाळी अंधेरीच्या फ्लायओव्हरवर ताशी २० मिळाले तरी नशीब. वेगाचा खरा खेळ रात्री सुरू होतो, जेव्हा रस्ता रिकामा असतो आणि चौकात पोलीस नसतात. कॅमेऱ्याची खरी गरज तिथेच आहे. त्याची ड्युटी संपत नाही आणि ‘काका, सोडा ना’ त्याला ऐकू येत नाही.

तरीही एकट्यादुकट्या कॅमेऱ्याची मर्यादा सगळ्यांना पाठ आहे. खांब कुठेय ते रोजच्या रायडरला माहीत असतं, नाहीतर मॅप सांगतो. तेवढ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा सुसाट. अचानक दाबलेला ब्रेक मागच्यासाठी धोक्याचा, ते वेगळंच. यावर उपाय म्हणजे सरासरी वेग मोजणं. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपायची आणि मधल्या अंतराला लागलेला वेळ बघायचा. मर्यादा ८० असेल, तर ५ किलोमीटर ३ मिनिटं ४५ सेकंदांच्या आत पार करणारा पकडला गेलाच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत ही सोय आहे. बोरिवली ते अंधेरी किंवा मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यांत ती का नको?

दुसरी अडचण विश्वासाची. ई-चलनाला अनेक जण ‘वसुली’ म्हणतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी त्याविरोधात संपही केला. दुसरीकडे, लोकअदालतीत रक्कम कमी होईल म्हणून चलन न भरता थांबणारे आहेतच. खरं तर नियम स्पष्ट आहेत. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये आणलेल्या १६७-अ नियमानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवली जायला हवी. फलक लावला तर लोक सावध होतील, अशी भीती कशाला? सावध होणं हाच तर हेतू आहे. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी आधी किती अपघात व्हायचे आणि आता किती होतात, हे जाहीर करा. आकडा घसरला तर ‘वसुली’ची ओरड आपोआप थंडावेल. नाही घसरला, तर कॅमेऱ्याची जागा चुकली असं समजून तो हलवा.

मात्र एलबीएस मार्ग किंवा एस. व्ही. रोडचं दुखणं कॅमेऱ्याने बरं होणार नाही. तिथे फुटपाथ अडलेले, झेब्रा पुसलेले आणि रस्ता ओलांडायला सिग्नलचा वेळ अपुरा. कॅमेरा फक्त वाहनचालकाची चूक टिपतो, रस्त्याच्या चुकीचा फोटो कोण काढणार? तिथे वेग कमी ठेवायचा तर उंच क्रॉसिंग आणि नीट आखलेले चौक लागतील.

म्हणून कॅमेऱ्याला विरोध करण्यापेक्षा तो नीट वापरला जावा यासाठी आग्रह धरायला हवा. आपल्या कॉलेजजवळच्या हायवेवर वेगमर्यादेचा फलक दिसतो का, तो झाडामागे तर नाही ना, एवढं तरी आपण बघू शकतो. नसेल तर वाहतूक पोलिसांना लिहा. आणि फलक असेल, तर कॅमेरा मागे पडल्यावरही मीटरचा काटा तिथेच राहू द्या.