"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न जरा बदलू या

१५ ऑक्टोबर आला की आमच्या कंधारात पुस्तकं उन्हाला येतात. डॉ. कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून सरकारी भाषेत 'वाचन प्रेरणा दिन'. शाळेत टेबलावर पुस्तकं मांडतात, पाहुणे येतात, फोटो होतो, बातमी माझ्याकडं येते. गेली दहा वर्षं मी ती बातमी छापतोय. नावं तेवढी बदलायची. खोटं कशाला बोलू, एकदा तर मागच्या वर्षीचीच बातमी तारीख बदलून लावली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण आज दुसऱ्यांबद्दल नाही, आधी स्वतःबद्दल लिहितो.

मागच्या १५ ऑक्टोबरला मीही फोटो टाकला. नरहर कुरुंदकरांचं 'जागर', शेजारी चहाचा कप, खाली ओळ : 'सध्या हे वाचतोय.' लाईक भरपूर आले. चार दिवसांनी नांदेडहून येताना एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "सर, जागर वाचायलाव म्हणं? कुठवर आलाव?"

मी म्हणालो, "चाललंय."

"नाही, मी दोनदा सुरू केलं. पन्नास पानांच्या पुढं गाडी जाईना. तुमी पुढं गेले असताल तर सांगा की, पुढं सोपं होतंय का?"

मी सुरुवातीची दहा पानं वाचली होती. बस उस्माननगरला थांबली, गर्दी चढली, मी वाचलो. म्हणजे सुटलो. पण तो "कुठवर आलाव?" काही डोक्यातून जाईना.

मग आठवलं, हा प्रश्न नवा नाहीच. आपल्याकडं हाच प्रश्न होता.

माझ्या लहानपणी श्रावणात गल्लीत पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप नाहीतर हरिविजय, कधी नवनाथांची. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा, ओसरीवर तीस-चाळीस माणसं. त्यातल्या निम्म्यांना अक्षर ओळख नव्हती. माझ्या आईलाही नव्हती. पण कितवा अध्याय चाललाय हे तिला पक्कं माहीत असायचं. एकदा अंगात ताप असताना ती निघाली, वडील रागावले, तर म्हणाली, "काल अभिमन्यू आत गेलाय. त्याला तिथं सोडून मी घरी झोपू का?" दुसऱ्या दिवशी आडावर बाया एकमेकींना विचारायच्या, "पोथी कुठवर आली?" जी आली नव्हती तिला दुसरी तिथंच, घागर भरता भरता सगळं सांगायची.

बघा, आपण काय वाचतोय हे एकमेकांना सांगण्याची ही आपली रीत. "काय वाचताय?" ला थाप मारता येते. पुस्तकाचं नाव सांगितलं की सुटका. "कुठवर आलाव?" ला मारता येत नाही.

आता कुणी म्हणेल, पोथी म्हणजे देवाधर्माचं, ते वेगळं. बरं, देवाधर्माचं सोडा. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून होतं, सभेला परवानगी लागायची. तेव्हा मराठी वाचनालय चालवणं हे नुसतं पुस्तकांचं काम नव्हतं. मुक्तिसंग्रामातले कितीतरी कार्यकर्ते अशा वाचनालयांच्या आसऱ्यानं घडले. एक जण पेपर वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. आपलं कंधार तर भाई केशवराव धोंडग्यांचं गाव. त्यांनी 'जय क्रांती' साप्ताहिक चालवलं. या गावाला छापील शब्द नवा नाही.

मग झालं काय?

पुस्तकं कमी झाली असं मला वाटत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, त्याखाली राज्यात हजारो ग्रंथालयं अनुदान घेतात. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे मोजतात. आलेल्या अनुदानात माणसाचं मानधन, पेपरचं बिल, लाईट, भाडं भागवायचं आणि उरलं तर पुस्तक. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणीही झाली. सगळं मोजलं जातं. पण एखादं पुस्तक शेवटचं कधी घरी गेलं, कुणी पुरं वाचलं, त्यानं पुढं कुणाला सांगितलं, याला रकाना नाही. आमचा १५ ऑक्टोबर असाच. पुस्तकांची संख्या, उपस्थितांची संख्या, फोटो. जानेवारीत 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' नावाचा पंधरवडा झाला. हेतू चांगलाच होता. त्याच्याही माझ्याकडं फक्त फोटोच आले.

तर मी एक उद्योग केला. आमचा मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ४३ जण. जुलैत तिथं नियम टाकला : कव्हरचा फोटो चालणार नाही. रविवारी फक्त पान नंबर आणि स्वतःच्या शब्दांत एक गोष्ट सांगायची. पहिल्या रविवारी सगळे चिडीचूप. दोघं तर ग्रुप सोडून गेले (त्यातला एक वाचनावर व्याख्यानं देतो). दुसऱ्या रविवारी नऊ जण बोलले.

मेडिकलवाल्या मित्राचं 'झाडाझडती' चाललेलं. त्यानं लिहिलं, "धरणात गेलेल्या गावाचं आहे. आमचा मामा आठवला, म्हणून दोन दिवस बंद ठेवलं. आता परत धरलं." एक निवृत्त गुरुजी 'बनगरवाडी' पाचव्यांदा वाचत होते. पाचव्यांदा कशाला विचारलं तर म्हणाले, "आता मास्तरकी संपल्यावर तो मास्तर वेगळा दिसायलाय."

बहादरपुऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं टाकलं, "पीकविम्याच्या अटी. पान ६ वर आहे. दोन दिवसांपासून तिथंच आहे." लोकांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. मला हसू आलं नाही. त्या अटी त्यानं वाचून ग्रुपवर समजावून सांगितल्या आणि तिघांनी त्याला फोन केले. या वर्षी कंधारात वाचलेल्या कुठल्या कादंबरीनं एवढं काम केलं असेल?

अभ्यासिकेतल्या एका मुलीनं घाबरत घाबरत लिहिलं, "लक्ष्मीकांत, चौथ्यांदा. हे वाचन धरायचं का सर?" सकाळी सातला बसते, रात्री नऊला उठते. गावात सगळ्यात जास्त वाचणारी पोरगी, आणि आपण वाचतो असं तिला वाटत नाही! कारण वाचन म्हणजे ललित, वाचन म्हणजे भारी लेखकाचं नाव, असं आम्हीच कार्यक्रमांतून सांगत आलो. शिवणकाम करणाऱ्या एक ताई जुने दिवाळी अंक रद्दीतून आणून वाचतात. त्या म्हणाल्या, "आमचं काय सांगायचं त्यात." लाज वाटते माणसांना. "काय वाचताय?" या प्रश्नात आपली पायरी तपासली जातेय असं त्यांना वाटतं, आणि ते काही खोटं नाही.

सगळ्यात जास्त चर्चा मात्र एका प्राध्यापकाच्या उत्तरावर झाली. त्यानं लिहिलं, "सहा महिन्यांत एकही नाही. दहा पानं झाली की हात मोबाईलकडं जातो." त्याखाली चौदा जणांनी 'माझंही तेच' लिहिलं. मी त्यातलाच एक. ही कबुली कुठल्याही १५ ऑक्टोबरच्या स्टेजवर कधी ऐकलीय का?

फोटो टाकणाऱ्यांना मी दोष देत नाही. फोटो बघूनच कुणीतरी पुस्तक मागतो, हेही होतं. 'झाडाझडती' आता ग्रुपमधल्या तिघांकडं फिरून चौथ्याकडं गेलंय, एक पान निखळलंय. मालकाची काही तक्रार नाही.

उद्या कुठल्या कार्यक्रमाला बोलावलं तर जाईन. पण बातमीत या वर्षी फोटो नाही. हजर असलेल्या पाच जणांना विचारणार, कुठवर आलात, आणि ते सांगतील तेच छापणार. पाहुण्यांनाही विचारणार. आयोजकांनी आधीच सांगून ठेवावं, नंतर रुसवा नको.

खाली कॉमेंटमध्ये तुम्हीही टाका. पुस्तक, पोथी, जीआर, गाईड, काहीही चालेल. फक्त पान नंबर खरा टाका.

माझा : जागर, पान ८७. कंडक्टरभाऊ कालच्या फेरीला ६१ वर होते. म्हणाले, "पन्नासच्या पुढं निघाली एकदाची गाडी."