नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!

लग्न होऊन आपण लहान गावात येतो आणि माहेर मागे मुंबईत राहतं. बोरिवली नाहीतर मुलुंडचा, बाबांनी कर्ज काढून घेतलेला वन रूम किचनचा फ्लॅट. बाबा जातात. तेरावं होतं न होतं तोच भाऊ म्हणतो, "ताई, नॉमिनी मीच आहे. तू फक्त इथे सही कर." आणि आपण करतो! कागद न वाचताच.

मैत्रिणींनो, जरा थांबा. सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी हा सोसायटीचा तात्पुरता सभासद असतो. मालक कोण, हे ठरतं मृत्युपत्रानं. ते नसेल तर वारसा कायद्यानं.

आपल्या प्रत्येकीच्या भिंतीवर 'कालनिर्णय' असतं. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, काही गुंतवणुकींना नॉमिनीही नेमले होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला : नॉमिनी झाल्यानं वारसांचा हक्क जात नाही. दहा वर्षं गेली बघा!

मृत्युपत्र नसेल तर? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या स्वकष्टाच्या घरात आई, मुलगे, मुली आणि आजी हयात असेल तर तीही, सगळ्यांचा सारखा वाटा. हा हक्क १९५६ पासूनचा आहे बरं का! २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा हक्क मिळाला. अर्थात, स्वकष्टाचं घर बाबा मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. ते दाखवा म्हणायला मात्र लाजू नका. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच.

"भावाशी भांडायचं का?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. त्यानं आईबाबांचं दुखणंखुपणं काढलं असेल, तर आपला वाटा खुशाल सोडावा. पण जाणूनबुजून. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मागे फिरणं फार अवघड. आणि एक गोष्ट आपण हमखास विसरतो... आपल्यासोबत आईचीही सही घेतली जाते! एका सहीत ती आपल्याच घरात आश्रित होते. उद्या घर विकायचं ठरलं तर तिला कोण विचारणार? म्हणून माझं म्हणणं, वाटा सोडायचाच असेल तर तो आईच्या नावे सोडा. कायद्यानं तसं करता येतं. आणि तिला तिचा वाटा मुळीच सोडू देऊ नका.

वकिलाची फी कुठून आणायची? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. आपल्या तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावा.

सगळ्यात बरं म्हणजे आईबाबा धडधाकट असतानाच विषय काढावा. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, साधा कागदही चालतो. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं चांगलं. "मरणाचं काय बोलतेस?" म्हणून आई रागावेल, दोन दिवस अबोला धरेल. धरू दे! पुढे भावाबहिणींनी जन्माचा अबोला धरण्यापेक्षा तो परवडला.