कबरीचा भाडेकरार

वॉर्सॉच्या पोवोंझ्की दफनभूमीबद्दल कोणीही लिहायला बसलं की आधी यादी येते : शोपँचे आईवडील, नोबेलविजेते कादंबरीकार रेमाँट, चित्रपट दिग्दर्शक किश्लोव्स्की. १७९० साली सुरू झालेली ही पॅरिशची दफनभूमी मग ‘राष्ट्राचं स्मृतिस्थळ’ होते. माझी तक्रार यादीबद्दल नाही; यादीलाच दफनभूमी समजलं जातं, त्याबद्दल आहे.

१९७४मध्ये संगीतसमीक्षक येझी वाल्डॉर्फ यांनी हिच्या जतनासाठी नागरिकांची समिती उभी केली. दर १ नोव्हेंबरला नामवंत नट-नट्या इथे डबे घेऊन देणग्या गोळा करतात आणि त्यातून जुनी स्मारकं दुरुस्त होतात. काम मोलाचंच आहे. पण त्यातून वाचतं ते शिल्प. ज्याच्या डोक्याशी शिल्प नाही, त्याचं काय?

त्याच्यासाठी पोलंडमध्ये १९५९चा कायदा आहे. मातीतल्या साध्या कबरीला मुदत २० वर्षांची. पुढे कोणी हरकत घेऊन पैसे भरले नाहीत, तर ती जागा दुसऱ्या मृताला देता येते. ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्य असलेल्या कबरी यातून वगळल्या आहेत. म्हणजे कीर्तिवंतांना कायमची मालकी आणि इतरांना भाडेकरार. तोही वारस जिवंत आणि ऐपतदार असेपर्यंत.

शहरात जागा नाही, हे मला मान्य आहे. युरोपात पूर्वीही जुनी हाडं अस्थिगृहात हलवून त्या जागी नवे मृत पुरले जातच. जमीन खुशाल पुन्हा वापरा, पण नाव का उखडता? पॅरिशच्या मृत्युनोंदीत ते असतंच, असं कोणी म्हणेल. ती वही कपाटात असते. वाटेवरून जाणाऱ्याला दिसत नाही. हटवलेल्या कबरींची नावं कुंपणाच्या भिंतीवर कोरायला कितीशी जागा लागणार आहे?

कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यापैकी जे इथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. त्यांत कोणी रेमाँट नाही. तरीही त्या जपाव्यात असं पोलंडला वाटतं, आणि ते योग्यच आहे. मग परक्या मुलखात गेलेला सामान्य माणूस जर राष्ट्राचा, तर आपल्याच पॅरिशमध्ये गेलेला वीस वर्षांचा भाडेकरू कसा?