शब्दयोगी ट्रॉली

गेल्या दिवाळीत बारामतीहून भवानीनगरजवळ मावसभावाकडे फराळाला गेलो, तर घरात सारे तोंडे पाडून बसलेले. कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर, आणि उसाची ट्रॉली चोरीस गेलेली! पावसाळाभर ती नीरा डाव्या कालव्याच्या कडेला उभी होती. आता तिथे पिवळ्या गवताचा चौकोन तेवढा उरला होता. कर्जाचे हप्ते मात्र जागेवरच होते.

“ट्रॅक्टर दाराशी, किल्ली माझ्या उशाखाली, मग ट्रॉली गेलीच कशी?” भाऊ म्हणाला.

माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. अरे, ट्रॅक्टर हे नाम, ट्रॉली शब्दयोगी अव्यय! ज्या नामाला जोडावी त्याच्यामागे ती मुकाट्याने जाणार. एक पिन अडकवली की झाले. १९८८ चा कायदा इंजिन नसलेल्या ट्रॉलीलाही मोटारवाहनच मानतो. आपण मात्र तिला लोखंडी खोके समजतो.

आमचे वडील रात्री बैलगाडीचे जू सोडून पडवीत आणून ठेवीत. आम्ही हसत असू. त्यातले मर्म आता कळले.

तो हंगाम भावाने भाड्याच्या ट्रॉलीवर काढला. यंदा जुनी ट्रॉली घेतली, तीही कागदावरचा चासी क्रमांक सांगाड्यावरच्या आकड्याशी ताडून. ती अंगणात, हूक भिंतीकडे करून उभी असते. पिनेच्या भोकात कुलूप, चाकांतून साखळी. किल्ली वहिनींच्या कनवटीला. आता खुद्द भावालाही ट्रॉली हलवायची तर आधी अर्ज करावा लागतो!